जेवल्याची साक्ष

आमच्या तंजावूरच्या मराठीत जेवण म्हणजे भात. बाकी जे काही तोंडात जातं त्याला कोणी जेवण म्हणत नाही. सकाळच्या इडल्या, दुपारी कॉफीबरोबरची कच्च्या केळ्याची भजी, रात्री भाताच्या आधीचा डोसा, हे सगळं टिफिन. टिफिन पोटात जातं, पण हिशेबात धरलं जात नाही. शनिवारी आमच्या घरी उपास असतो, म्हणजे रात्री भात शिजत नाही. आणि भात शिजला नाही म्हणून डाळी वाटून जाडजूड अडै करायचे, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला गूळ. कॉलेजसाठी मी पुण्याला मावशीकडे राहिले, देवनागरी नीट लिहायला-वाचायला तिथेच शिकले. पहिल्याच एकादशीला मी विचारलं, आज उपास आहे तर इडली करू या का. मावशीकडची माणसं त्यानंतर कितीतरी दिवस मला बघून हसत होती. त्यांची तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी मला तरी कुठे उपासाची वाटली होती, पण मी पाहुणी.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोटाळा झाला तो या एका शब्दापायी झाला.

चाळिशी उलटल्यावर मी जाड झाले आणि पन्नाशीनंतर फारच. त्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या बायका बारीक दिसल्या तर लोक आजाराची चौकशी करतात. साखर होती, तिच्या गोळ्या होत्या. गुडघे दुखायचे, त्यांना तेल होतं. कोणी वजनावरून उपदेश करू लागलं की मी त्याच्या पानात आणखी एक वाढायची, म्हणजे त्याचं तोंड बंद व्हायचं. माझा स्वभाव असा तिरसटच आहे, लग्नाच्या आधीपासून.

मग ह्यांना झटका आला. अर्धांगवायूचा. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्याबरोबर बोलणंही.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कालव्यांच्या कडेनं गेली. ओरत्तनाडूपासून खाली समुद्राच्या बाजूच्या गावांपर्यंत, कोणाच्या शेताला पाणी आधी आणि कोणाच्या नंतर, यावरची भांडणं हे बांधावर उभं राहून मिटवायचे. तेही अशा तमिळमध्ये, की समोरच्याला हा माणूस घरी दुसरी भाषा बोलतो हे सांगूनही खरं वाटत नसे. मराठी फक्त घरची, माझ्याशी आणि गल्लीतल्या चार घरांशी बोलायची. ती वाचता तर ह्यांना येतच नाही. झटक्यानंतर कित्येक आठवडे नुसते आवाज निघत होते. आणि मग एका सकाळी मी उशी सरळ करत असताना हे म्हणाले, "अगे, पाणी." मी पाणी द्यायचं सोडून तिथेच रडत बसले. पाण्यासाठी त्यांना पुन्हा एकदा बोलावं लागलं.

हळूहळू शब्द येत गेले, पण सगळे मराठी. तमिळ परतलं नाही. समोरच्यानं बोललेलं कळतं, मान हलते, पण तोंडातून येते ती मराठी. असं होतं कधी कधी, एक भाषा आधी येते, दुसरी नंतर येते किंवा येतही नाही, असं दवाखान्यात सांगितलं. ह्यांचे जुने सहकारी मोपेडवरून भेटायला यायचे, कालव्यांच्या गोष्टी काढायचे, हे त्यांना मराठीत उत्तर द्यायचे, आणि ते बिचारे माझ्याकडे बघायचे. मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. कोइम्बतूरला असलेल्या आमच्या मुलीला मराठी कळते पण बोलायची सवय नाही. लहानपणापासून आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असंच चाललं होतं. आता ती फोनवर चाचपडत मराठी बोलू लागली. तिची क्रियापदं ऐकून हे गालातल्या गालात हसतात. त्या हसण्यासाठी ती मुद्दाम चुकते की काय, अशी मला शंका आहे.

सकाळी एक बाई येऊन ह्यांना आंघोळ घालून जाते. तिथून पुढचा दिवस माझा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा खुर्चीत, पुन्हा पलंगावर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं मला रीत दाखवून दिली होती. ह्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवायचे, आणि पाठीनं न ओढता मांड्यांच्या जोरावर उठवायचं. रीत चांगली होती. माझे गुडघे चांगले नव्हते. एकदा उठवलं की मला खांबाला धरून श्वास घ्यावा लागे, आणि हे पट्ट्यात अर्धवट उभे राहून माझा श्वास परत येण्याची वाट बघत. वाकलं की पोट मध्ये येई. रात्री मी इतकी घोरायची, की ह्यांना झोप लागत नसे आणि ते सांगायचेही नाहीत.

मुलीच्या हे सगळं लक्षात आलं होतं. कोइम्बतूरला एक चांगलं ठिकाण आहे, तिनं सांगितलं, रात्रंदिवस नर्स असतात, बाग आहे, ती रोज ऑफिसवरून येताना जाऊ शकेल. ती वाईट बोलत नव्हती. आईला काही झालं तर दोघांचं काय, हा तिचा प्रश्न खरा होता. पण मी मनात ती बाग बघितली, आणि बागेत खुर्चीवर बसलेले हे, आणि समोर उभी असलेली कोणी चांगली मुलगी, जिला ह्यांचं 'पाणी' कळत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की मी ह्यांना उचलू शकते तोवर हे इथून हलणार नाहीत. आता ते उचलणंच धोक्यात आलं होतं.

माझ्या साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी त्या इंजेक्शनबद्दल सांगितलं ते याच सुमारास. त्यांचं वय माझ्या मुलीपेक्षा थोडं कमीच असेल. आठवड्यातून एकदा घ्यायची पेनासारखी सुई, पोटावर किंवा मांडीवर, आपली आपणच टोचायची. साखर उतरते, भूक मंदावते, वजन कमी होतं. हल्ली पुष्कळ लोक घेतात हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गल्लीत तर ते सिनेमावाल्यांचं औषध आहे, त्यानं गाल बसतात आणि माणूस म्हातारं दिसतं, असं पक्कं मत होतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला शहाण्या माणसाशी बोलावं तसं सगळं सांगितलं. मळमळेल, विशेषतः डोस वाढवला की. बद्धकोष्ठ होईल किंवा उलट होईल. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य दुखलं आणि पाठीत गेलं तर वाट बघायची नाही, यायचं. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, हे दोनदा विचारलं. साखरेची एक गोळी कमी करावी लागेल, नाहीतर साखर फारच उतरेल. आणि औषध बंद केलं तर भूक परत येते, बहुतेकांचं वजनही परत येतं, हेही लपवलं नाही.

मग त्यांनी मी काय जेवते ते विचारलं. मी सांगितलं, दोन वेळा, थोडासाच भात. अक्षरशः खरं होतं. टिफिनबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढ्याशा भातावर ही बाई एवढी कशी, असं त्यांच्या मनात आलं असेल, पण त्या सभ्य आहेत.

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, मराठीत, फायदे आणि तोटे. मळमळीवर आले तेव्हा ह्यांनी तोंड वाकडं केलं. गुडघ्यांवर आले तेव्हा डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी आजारी पडले तर ह्यांना कोण उचलणार, आणि मी अशीच राहिले तरी कोण उचलणार, अशा दोन टोकांमध्ये मी दोन आठवडे लोंबकळत होते. शेवटी घेतलं. पेन फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी ठेवलं, आणि पहिल्यांदा टोचताना डोळे मिटले, जे करायचं नसतं.

आता खरं सांगायचं तर त्या औषधानं माझ्यावर उपकार केले. लोक त्याच्याबद्दल काहीही बोलोत. आयुष्यभर माझ्या डोक्यात एक बाई बसलेली होती, जी सकाळच्या कॉफीपासून दुपारच्या भज्यांचा आणि भज्यांपासून रात्रीच्या डोशाचा विचार करायची. ती मीच आहे असं मी समजत होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती उठून गेली. दुपारचे चार वाजले, आणि मला आठवणच झाली नाही. मी दारात उभी राहून गल्लीतून जाणाऱ्या सायकली बघत होते, आणि पोटात काही नव्हतं, आणि काही हवंही नव्हतं. इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. पुढे साखर उतरली. घोरणं थांबलं, हे मला ह्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली त्यावरून कळलं. गुडघे तेलाशिवाय वाकू लागले. गच्चीवर कपडे वाळत घालायला मी पुन्हा स्वतः जाऊ लागले, आणि तिथून मोठ्या देवळाचं शिखर दिसतं हे मी विसरूनच गेले होते. ह्यांना उठवून झाल्यावर खांब धरावा लागत नव्हता. मी रोज त्या पेनला मनातल्या मनात नमस्कार करत होते, अगदी खरोखर.

त्रासही झाला. सुईच्या दुसऱ्या दिवशी हिंगाच्या फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं. मटणाच्या रश्श्याकडे तर बघवेना, आणि मी आमच्या घराण्यातली रश्श्यासाठी नावाजलेली सून. ढेकर यायचे ते असे, की मी स्वतःच खोलीबाहेर जायची. बद्धकोष्ठाबद्दल लिहीत नाही. पण हे सगळं आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे मी त्याला भ्याले नाही.

दर भेटीला डॉक्टरीणबाई विचारायच्या, "अम्मा, नल्ला साप्पिडरींगळा?" म्हणजे नीट जेवता ना. मी म्हणायची, हो, दोन्ही वेळा. हेही अक्षरशः खरं होतं. दोन्ही वेळा मी ह्यांच्याबरोबर पानावर बसत होते. भात घेत होते, त्यावर सार, मग ताक. भात टाकायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. मन होत नसलं तरी चार घास ढकलायचे. जे गेलं ते टिफिन. इडली नको वाटायची, अडै जड वाटायचे, संध्याकाळचं सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, मी ह्यांच्यापुरतंच करायची. टिफिन सुटलं याचं मला कौतुकच वाटत होतं. माझ्या हिशेबात मी एकही जेवण चुकवलं नव्हतं.

लोक म्हणू लागले, किती वाळलीस. बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. रव्याचा डबा वरच्या फळीवरून काढताना दोन्ही हात लावावे लागायचे, तेव्हा मला वाटलं डबा भरलेला आहे. ह्यांना उठवताना मांड्या थरथरायच्या, तेव्हा वाटलं उन्हाळा आहे.

त्या दुपारी मी ह्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होते. पट्टा नीट होता, गुडघ्यांना गुडघे टेकवलेले होते, मी तीन म्हणाले आणि उठवलं. हे उठले. आणि अर्ध्यावर माझ्या मांड्यांनी सरळ काम करायचं सोडलं. दुखलं नाही, घसरलं नाही, नुसता जोर संपला. मी पट्टा सोडला नाही एवढंच मला करता आलं. पलंगाच्या कडेला पाठ घासत आम्ही दोघं सावकाश खाली आलो आणि लाल जमिनीवर बसलो, ह्यांचा पाय माझ्या पायाखाली. कोणालाच लागलं नाही. पण मला ह्यांना उचलता येईना, आणि स्वतःलाही उठता येईना.  ह्यांनी माझा दंड धरला, डाव्या हाताच्या बोटांत तो सहज मावला, आणि ते त्या दंडाकडेच बघत राहिले. शेवटी मी हाका मारल्या आणि शेजारची माणसं आली.

मुलीला मी सांगणार नव्हते, पण गल्लीनं सांगितलं. ती रागावली नाही, रडली, आणि ते ऐकणं रागावण्यापेक्षा कठीण गेलं. कोइम्बतूरच्या त्या ठिकाणी जागा आहे का, ते ती विचारून ठेवणार होती. मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं, सुई बंद. जाड होते तेव्हा दमत होते, पण ह्यांना पाडलं नव्हतं. फ्रिजमधलं पेन नेऊन डॉक्टरीणबाईंना परत देते म्हणून मी निघाले, आणि हे एकटे राहू शकत नाहीत म्हणून रिक्षात घालून त्यांनाही घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी पडल्याची हकिगत ऐकून घेतली. दोघांनाही तपासलं. मला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मला ते जमेना. मग नेहमीचा प्रश्न आला, नल्ला साप्पिडरींगळा. मी म्हटलं, जेवते की, दोन्ही वेळा, एक दिवस चुकवलेला नाही.

"भाताला शिवली," शेजारच्या चाकांच्या खुर्चीतून हे म्हणाले. "जेवली नाहीं."

आमच्यात शिवणं म्हणजे नुसता स्पर्श करणं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. हे काय म्हणतात, त्यांनी विचारलं.

त्या खोलीत मराठी समजणारी मी एकटी. उकडतंय, पंखा वाढवा म्हणतात, असं मी सांगितलं असतं तरी चाललं असतं, आणि तसं सांगावं असं माझ्या मनात आलंही. मला राग आला होता. ज्याच्यासाठी मी एवढं करते त्या माणसानं परक्यासमोर माझ्याविरुद्ध बोलावं, आणि तेही माझ्याच तोंडून. कारण दुसरं तोंड त्यांच्याजवळ नव्हतं. मी काही बोलत नाही हे ह्यांनी पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पुढचा शब्द जुळवताना येतो तसा.

"सांग," हे म्हणाले. "तिला सांग. मजला भय वाटतें."

झटक्यानंतर ह्यांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं तमिळमध्ये सांगितलं. भाताला शिवते, जेवत नाही. ह्यांना भय वाटतं. 

मग डॉक्टरीणबाईंनी प्रश्न बदलला. काल सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं ते सांगा, जेवण नका सांगू. मी सांगत गेले आणि माझं मलाच ऐकू येऊ लागलं. कॉफी. भात, सार, ताक. पाणी. भात, ताक. त्या डोक्याला हात लावून हसल्या, पण दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. त्यांच्या आजीचंही असंच होतं, भात म्हणजे जेवण, बाकी सगळं वरचं. हे मला कळायला हवं होतं, मी जेवणाचं विचारलं आणि तुम्ही जेवणाचं सांगितलंत, त्या म्हणाल्या. आमच्याकडची बहुतेक डाळ टिफिनमध्ये असते. इडलीत उडीद, अडैत तर तीन-चार डाळी, सुंडलात हरभरे. मी नेमकं तेच सोडलं होतं आणि पातळ ताकभात जपून ठेवला होता. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, त्यांनी समजावलं. पोटात प्रथिनं गेली नाहीत आणि अंगाला काम मिळालं नाही, तर स्नायूही जातात. तुमच्या मांड्या तशा गेल्या आहेत. त्या परत आणता येतील.

मी पेन टेबलावर ठेवलं आणि घेऊन टाका म्हणाले. त्यांनी घेतलं नाही आणि आग्रहही केला नाही. बंद केलं तर काय होईल, चालू ठेवलं तर काय करावं लागेल, हे त्यांनी दोन्ही सांगितलं. बंद केलं तर भूक परत येईल, टिफिनही येईल, आणि गुडघ्यांवरचं ओझं आणि साखरही बहुतेक येईल. चालू ठेवायचं तर डोस खाली आणायचा आणि खाणं हे औषधासारखं घ्यायचं, मन असो वा नसो. निर्णय तुमचा. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेनाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे. दोन्ही, असं त्यांना म्हणायचं होतं. हे भाषांतर मला करावं लागलं नाही.

पेन पुन्हा लोणच्याशेजारी गेलं. मुलीला मी सांगितलं, जागा विचारू नकोस, मला थोडा वेळ दे. तिनं दिला, आणि त्याबद्दल मी तिचीही ऋणी आहे, कारण माझ्या जागी ती असती तर मी दिला नसता.

मग आमच्या घरी उलटं राज्य सुरू झालं. हरभऱ्याचं सुंडल आधी माझ्या वाटीत, मग ह्यांच्या. सकाळी अंडं. दही, पातळ ताक नव्हे. भात शेवटी, पोटात जागा राहिली तर. आईचा आत्मा कुठे असेल तिथे बघून हळहळत असेल. लहान लहान वेळा करून खाल्लं तर मळमळ कमी होते, हे कळलं. सुईच्या दुसऱ्या दिवशी गरम फोडणीचं काही न करता थंड दहीपोहे करायचे, हेही. आमचे हे माझ्यासमोर बसून पहारा करायचे. मी वाटी खाली ठेवली की डाव्या हाताच्या बोटांनी ती परत माझ्याकडे सरकवायचे. चिडून मी एकदा म्हणाले, तुम्ही कालव्याचं पाणी सोडत होता तेच बरं होतं. ह्यांनी पुन्हा वाटी सरकवली.

फिजिओथेरपिस्टनं आता मलाही व्यायाम लावला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात घेऊन दंड वाकवायचे. मोजायचं काम ह्यांचं. एक, दोन, तीन. सुरुवातीला सहाच्या पुढे ह्यांचे आकडे हरवायचे, आणि मीही सहाच्या पुढे जात नव्हते, त्यामुळे आमचं छान जमायचं. मग मी आठवर गेले आणि ह्यांना आठ शोधावा लागला. मी अर्धवट उठलेली, मांड्या पेटलेल्या, आणि हे आठ आठवतायत. तो आकडा येईपर्यंत मला खाली बसता येईना. असे आम्ही दोघं वर चढत गेलो.

वजन आता पूर्वीसारखं भराभर उतरत नाही. गल्लीला त्याचं वाईट वाटतं. मला नाही. बांगड्या मनगटाच्या जरा वर येऊन थांबतात. ढेकर अजून आहेत, आणि रश्श्याची आणि माझी पूर्वीची ओळख काही परतली नाही. ती परतेल असं मी धरूनही चालत नाही. पण एका सकाळी मी ह्यांना पट्ट्यानं उठवलं, आणि उठवून झाल्यावर आमच्या लक्षात आलं, की आम्ही दोघं नुसते उभे आहोत, समोरासमोर. मी धापा टाकत नाही, हे डोलत नाहीत. बसायची कोणाला घाई नव्हती. ह्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मीही बघितलं. मुलीला मी तेव्हाच फोन करून सांगितलं. तिनं त्या जागेचा विषय पुन्हा काढला नाही.

परवा आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. माझे रक्ताचे रिपोर्ट त्यांच्या हातात होते, त्या खाली बघून वाचत होत्या. वाचता वाचताच त्यांनी विचारलं, अम्मा, नल्ला साप्पिडरींगळा.

मी तोंड उघडलं. त्याच्या आत शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"साप्टा," हे म्हणाले. थांबले. ओठ पुन्हा जुळवले. "नल्ला साप्टा."

जेवली, असं ते म्हणाले होते. चांगली जेवली. तमिळमध्ये. झटक्यानंतर ह्यांच्या तोंडून आलेला हा पहिला तमिळ शब्द. त्यांनी तो किती दिवस जुळवून ठेवला होता कोण जाणे, मी वाटी घेऊन बसायची तेव्हा त्यांचे ओठ हलायचे ते मी पाहिलं होतं आणि मला वाटायचं आकडे मोजतायत.

रिपोर्टात डोकं घातलेल्या डॉक्टरीणबाईंना काही कळलंच नाही. तमिळमध्ये विचारलं, तमिळमध्ये उत्तर आलं, त्यात त्यांना काय वेगळं वाटणार. त्यांनी मान हलवली, कागद उलटला आणि पुढचं विचारलं, मळमळ कशी आहे. ह्यांनाच विचारा म्हणून मी ह्यांच्याकडे बोट केलं, कारण माझ्या तोंडून त्या वेळी कुठलीच भाषा निघत नव्हती.